सुकेळ्यांची लाच आणि वळणावरच्या मिस इनेस

दुबईला जायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर मी हिमाचलचं बुकिंग करून बसले होते. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, ग्लॅडिसचा फोन आला. "ताई, तू ये. रियाला तूच समजाव. नाहीतर पोरगी धावणं सोडते."

रिया म्हणजे माझी भाची, वय वर्षं सोळा. जन्म दुबईचा, पासपोर्ट भारताचा, पाय हरणाचे. शाळेच्या चार बाय शंभर रिलेत ती तिसरी धावते. गेल्या वर्षी त्यांचा संघ जिंकला, तेव्हा शाळेच्या पेजवर फोटो आला तो शेवटी धावलेल्या हानाचा, फीत छातीवर घेतलेला. ग्लॅडिसने तोच आमच्या वसईच्या ग्रुपवर टाकला आणि पास्कलकाकांनी लिहिलं, "किती उंच झाली गं रिया!" त्यावर सत्तावीस जणांनी हात जोडले. हाना इजिप्तची आहे हो! त्या दिवसापासून रियाचं एकच, यंदा शेवटचा टप्पा मिळाला नाही तर खलास, शूज विकून टाकणार.

तर हिमाचल रद्द केलं आणि जानेवारीत मुंबईहून सकाळचं विमान पकडलं. जाणाऱ्यांसाठी सांगते, जानेवारीच गाठा. हवा अशी की संध्याकाळी स्वेटर लागतो, आणि दुबईत स्वेटर घातला हे वसईत सांगून कुणाला पटत नाही. व्हिसा मेल्विनने, म्हणजे ग्लॅडिसच्या नवऱ्याने, ऑनलाइन काढला होता. माझ्या बॅगेत कपडे कमी आणि सुकेळी जास्त. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, वसईची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात बांधायची, ती सुकेळी. अंजिराला मागे टाकतात. हे माझं मत आहे, वाद घालू नये.

ग्लॅडिसचं घर अल कुसैसला. खाली केरळवाल्यांचं कॅफेटेरिया, समोर उडप्याचं हॉटेल, लिफ्टमध्ये मल्याळम, पार्किंगमध्ये हिंदी. बुर्ज बघायला आलेल्यांनी इथेही एक चक्कर मारावी. कडक चहा दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपयांच्या आत, आणि पराठ्यात गुंडाळलेलं अंडं पाच दिरहम. मी पहिल्याच दिवशी दोन हाणली.

"समजाव आता," ग्लॅडिस कुजबुजली.

"रिया बाळा, तिसरं काय आणि चौथं काय, संघ एकच ना?" मी सुरुवात केली.

"मावशी, प्लीज. नोबडी सीज द थर्ड रनर. नॉट इव्हन माय ओन पेरेंट्स." आणि दार बंद.

उत्तर बिनतोड होतं. तेव्हा मी आमच्याकडचा उपाय काढला. पॅरिशच्या क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनवृंदात, मुलीला सोलो हवा असेल, तर आपण काय करतो? मास्तरांच्या घरी जातो, हातात काहीतरी ठेवतो आणि शब्द टाकतो. सुकेळ्यांचे दोन पुडे पिशवीत घालून मी दुसऱ्या दिवशी थेट प्रॅक्टिसला धडकले.

तिची कोच म्हणजे मिस इनेस. स्पेनची. पन्नाशीची, किडकिडीत, उन्हाने तांबूस झालेली, आणि "यल्ला गर्ल्स, चलो चलो!" असं ओरडणारी. मेल्विनने वाटेतच सांगितलं होतं, "ताई, ती स्पेनच्या टीममधून धावलीय, नॅशनल टीम! जपून बोल." जपून बोलणं मला बँकेतही जमलं नव्हतं. मी पुडा उघडला. बाईंनी वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"माझे वडील केळी लावायचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्या बेटांवर. कॅनरी, स्पेनचीच. पण असं कधी केलं नाही त्यांनी."

केळीवाल्यांची पोर! मी लोखंड तापलेलं बघून घाव घातला. मुलगी गुणी आहे, मन खट्टू झालंय, शेवटचा टप्पा देऊन बघा ना. बाई दुसरा तुकडा उचलत म्हणाल्या, "ओके. शुक्रवारच्या हीटमध्ये, पहिल्या फेरीत, रिया शेवटी, हाना तिसरी, वळणावर."

घरी मी राणीसारखी शिरले. रियाने गळ्यात हात टाकले. ग्लॅडिसने हमूर माशाचं कालवण केलं. सुकेळ्यांनी काय नाही होत?

शुक्रवारी शारजा, स्पर्धा तिथल्या स्टेडियमवर. अल कुसैसहून अंतर हाकेचं, पण ट्रॅफिक असा की हाक पोचायला तास लागतो. टॅक्सीला सीमा ओलांडायचे वीस दिरहम जादा पडतात, म्हणजे अंदाजे पाचशे रुपये, ते हिशेबात धरा. आम्ही मेल्विनच्या गाडीतून गेलो आणि शेवटच्या रेषेसमोरच्या खुर्च्या पकडल्या. मेल्विनने ट्रायपॉड लावला. मी फोन पुसला.

रिले बघितली नसेल तर थोडक्यात सांगते. पहिली आणि तिसरी मुलगी वळणावर धावते, दुसरी आणि चौथी सरळ पट्ट्यावर. तिसरीला आलेली बॅटन, म्हणजे ती दांडी, मागे न बघता घ्यायची, वळणावर लेन सांभाळत पळायचं आणि पुढचीच्या हातात द्यायची. प्रेक्षक बसतात त्यापासून हे सगळं लांब कोपऱ्यात होतं.

बंदूक वाजली. आमचा संघ पहिल्या दोन टप्प्यांत पुढे होता. मग वळणावर काहीतरी बिनसलं. हानाचे पाय लांब, तिला वळणच धरवेना, लेनच्या बाहेर पडता पडता वाचली. रियाच्या हाती बॅटन आली तेव्हा तीन संघ पुढे निघून गेले होते. ती जीव तोडून पळाली आणि चौथी आली. वेळेच्या जोरावर फायनलमध्ये कसाबसा शिरकाव झाला, तोही सगळ्यात शेवटच्या जागेवर.

फोटो मात्र मिळाला! रिया फ्रेमच्या मधोमध, दात आवळलेले, आणि कडेला पुढच्या तिघींच्या पाठी. मेल्विनने लगेच ग्रुपवर टाकला. पास्कलकाकांचे फुगे, केक, सगळं आलं.

"पापा, डिलीट इट," रिया म्हणाली. एवढंच. माझी मान आपोआप खाली गेली. चार पोरींची मेहनत मी दोन पुड्यांत विकायला निघाले होते. स्वतःचाच राग आला.

मी मिस इनेसना गाठून माफी मागितली. त्या हसल्या आणि मला आणि रियाला स्टेडियमबाहेरच्या टपरीवजा कॅफेटेरियात घेऊन गेल्या. तीन कडक चहा. पैसे मी दिले, बाईंनी देऊ दिले.

"मी बारा वर्षं स्पेनसाठी धावले," त्या रियाला म्हणाल्या. "किती वर्षं शेवटी धावले असेन, सांग?"

रियाने खांदे उडवले.

"एकदा. फक्त एकदा."

मग त्यांनी सांगितलं. एकट्याने धावताना त्या स्पेनमध्येही कधी पहिल्या तिघींत आल्या नाहीत. पण वळणावर त्यांना तोड नव्हती, म्हणून लाल जर्सी मिळाली आणि बारा वर्षं तिसरी जागा त्यांचीच. बेटावरची आई टीव्हीसमोर बसायची, पण कॅमेरा वळणावरून भर्रकन सरकून शेवटचीकडे जायचा. आई फोनवर म्हणायची, आज तुझं कोपर दिसलं. म्हणून त्यांनी हट्ट धरला आणि एकदा, युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत, त्या शेवटी धावल्या.

"मग?" मी.

"स्पेन शेवटून पहिलं आलं. आईचा फोन आला, किती सुंदर दिसत होतीस गं!" बाई खो खो हसल्या. हसता हसता डोळे पुसले. "बाकीच्या तिघी वर्षभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी वळण परत मागितलं. आणि रिया, तुझ्याइतकं चांगलं वळण मी इथे कुणाचं बघितलं नाही. ते तुला सांगून पटलं नसतं, म्हणून आज जुगार खेळले. हरले असते तर या मावशीला केळ्यांसकट परत पाठवलं असतं."

रियाने चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाली, "मिस, कॅन आय हॅव द बेंड बॅक?"

"का?"

"बिकॉज हाना रन्स इट लाइक अ कॅमल." आणि मग हळूच, "आय मिस्ड इट."

शनिवारी मुद्दाम काही केलं नाही. शारजाच्या मासळी बाजारात ग्लॅडिसशी सुरमईवरून भांडले, एवढंच प्रेक्षणीय. बाजार मात्र चुकवू नका. समोर मासा निवडा, शेजारी साफ करून मिळतो, पलीकडे भाजून.

रविवारी दुपारी फायनल. मेल्विन आणि ग्लॅडिस रेषेसमोर, ट्रायपॉडसकट. मी मात्र उठले आणि मैदानाला वळसा घालून लांबच्या कुंपणापाशी गेले. तिथे ना खुर्ची, ना सावली. आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला, एकट्या, मिस इनेस उभ्या.

बंदूक वाजली. दुसरी मुलगी सरळ पट्ट्यावरून आमच्याकडे धावत आली तेव्हा आम्ही पाचवे होतो. रियाने मागे बघितलं नाही. तिचा उजवा हात मागे गेला, त्यात बॅटन बसली आणि पोर सुटली. अहो, काय धावली! आतल्या रेषेला चिकटून, एका बाजूला झुकून, एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं. मी शूटिंग करत होते म्हणे. नंतर बघितलं तर व्हिडिओत नुसतं कुंपण, माझी चप्पल आणि "पळ गं बाय, पळ!" असा भसाडा आवाज. तिसरीलाही मागे टाकून तिने बॅटन हानाच्या हातात ठेवली आणि तिथेच थांबली, गुडघ्यांवर हात टेकून.

अख्खं स्टेडियम हानाकडे बघत उभं राहिलं. रिया आणि आम्ही दोघी कोपऱ्यात.

"मावशी! जिंकलो का?" तिने ओरडून विचारलं.

"मला काय ठाऊक! मी तुझ्याकडे बघत होते."

ती हसली. आणि मग रडली. मग मीही. मिस इनेस घड्याळावरची वेळ बघून स्पॅनिशमध्ये काहीतरी बडबडल्या आणि रियाच्या घामट डोक्याचा मुका घेतला. दुसरे आलो होतो, अगदी थोडक्यात.

शूज विकले गेले नाहीत. उलट मेल्विनला नवे घ्यावे लागले, चारशे दिरहम, म्हणजे किती रुपये ते तो दोनदा मोठ्याने बोलून बसला. मिस इनेस म्हणाल्या, इन्शाल्ला पुढच्या वर्षीही वळण हिचंच. येताना माझी बॅग खजुरांनी भरली होती. बुर्ज मी गाडीतून बघितला, उंच आहे. खर्च, विमान धरून, हिमाचलच्या दुप्पट. पण हिमाचल कुठे जात नाही, आणि ते तेरा-चौदा सेकंद पुन्हा दिसायचे नव्हते.

फायनलचा फोटो मी प्रिंट करून फ्रीजवर लावलाय. हाना रेषेवर, छाती पुढे, बॅटन हातात. परवा शेजारची फिलोमिना दह्यासाठी आली आणि चष्मा चढवून बघत राहिली.

"यात तुझी भाची कुठली गं?"

"यात ती नाहीये. या पोरीच्या हातात दांडी दिसतेय ना? ती रियाने दिलीय."

फिलोमिना वाकली, अगदी फोटोला नाक लागेपर्यंत. मग सरळ होत मान डोलावून म्हणाली, "नीट दिलीय हो."