जावयाच्या भाताचं शेत

निघालेल्या माणसाला 'कोठे' विचारायचं नाही आणि ठरत आलेल्या कामाबद्दल 'काय' विचारायचं नाही. विचारलं की काम मोडतं. आमच्या घरातला हा नियम. 'का' ते विचारायचं नाही, हा त्याच्याच पोटातला दुसरा नियम.

कॉफी गार झाली तरी चालेल, आधी हे ऐका. या नियमापायी मी जी माती खाल्ली, ती खरीखुरी शेतातली चिकणमाती होती. आणि एकटीनं नाही खाल्ली. एका घरंदाज कुटुंबालाही चारली!

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत घर. घरात मराठी, दारात तमिळ, भांडणात दोन्ही. शेतकीची पदवी घेतल्यावर मी बँकेत चिकटेन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी चिकटले ओरत्तनाडूजवळच्या शेतीशिक्षण केंद्रात. शाळेची मुलं आमच्याकडे येतात, चिखलात उतरतात, तांदूळ पिशवीत पिकत नाही एवढं शिकून घरी जातात. केंद्र काढलं राजगोपाल सारांनी. सार म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आणि अजूनही घंटा वाजवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांच्या जोडीला माझे आप्पा, त्याच शाळेतले गणिताचे मास्तर. म्हणजे बघा, घरी आप्पा, कामावरही आप्पा. सुटका कुठे?

केंद्राच्या खालच्या अंगाला एक शेत आहे. तिथं आम्ही भाताच्या जुन्या वाणांचं बी राखतो. पण ते शेत आमचं नाही, भाडेपट्ट्यानं घेतलेलं, आणि या सुगीनंतर पट्टा संपणार होता. मालक कोण? तर 'बेंगळूर पार्टी'. सार त्यांना दुसऱ्या नावानं ओळखतच नाहीत. आजूबाजूच्या शेतांत प्लॉटवाल्यांचे पिवळे दगड उगवायला लागले होते. आपलं शेत गेलं तर बी कुठे लावायचं? कुंडीत? या काळजीनं सारांची झोप उडाली होती आणि माझं डोकं.

तर शुक्रवारी संध्याकाळी आप्पा म्हणाले, "उद्या केंद्रावर राव म्हणून एक कुटुंब येतंय. आपलेच, मराठी. साडी नेस. आणि जरा गोड बोल."

"कोण राव?"

आत्यानं स्वयंपाकघरातूनच किंकाळी मारली. "अय्यो! विचारू नको गे! काम मोडतं!"

"पण कसलं काम?"

"परत विचारलीस?"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रवा भाजायचं उलथनं होतं. उद्यासाठी सोज्जी, म्हणजे आमचा मऊ शिरा, करून न्यायची होती. सोज्जी! आता काय सांगू तुम्हाला, आमच्या तंजावुरात लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं की सोज्जी आणि बज्जी डब्यात भरून ठेवली, की घरातली एखादी मुलगी बघितली जाणार. त्यातून आमच्यात अनोळखी मराठी कुटुंब येतं ते दोनच कारणांनी. एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर कुणाचं तरी जमायचं असतं. घरात सगळे धडधाकट होते.

"त्यांच्याबरोबर मुलगा पण आहे का?" मी विचारलं.

आप्पा बेसावध होते. "हो, आहे की. कंप्युटरवाला."

झालं! मला अजून काय पुरावा हवा होता? भांडून उपयोग नव्हता. आमच्या घरी भांडणात वडीलधारे हरायला लागले की त्यांना बीपीचा त्रास सुरू होतो. म्हणून मी ठरवलं, गप्प बसायचं, साडीही नेसायची, आणि उद्या असा पाहुणचार करायचा की राव कुटुंबानं बेंगळूर, चेन्नई, जिथून कुठून आले असतील तिथं पळत परत जावं.

सकाळी मी केंद्रावर पोचले आणि पहिली चूक केली. सरोजाक्काला सांगितलं. सरोजाक्का आमच्याकडे स्वयंपाक करते. तिला एखादी गोष्ट सांगणं आणि देवळाच्या स्पीकरवरून सांगणं यात फरक एवढाच की स्पीकरला लाइट लागते.

"मला बघायला येतायत," मी म्हटलं. "पळवून लावायचेत."

तिनं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. दारात कोलमची रांगोळी पडली, माझ्या केसांत मोगरा आला, आणि नांगर-औतं सांभाळणारे मुरुगेसन अण्णा नवा शर्ट घालून आले. "माप्पिळ्ळै कुठेत?" ते विचारत होते. माप्पिळ्ळै म्हणजे जावई. अजून गाडी फाटकात नाही आणि हे जावई म्हणून मोकळे!

आप्पा, आत्या आणि सार मोठ्या फाटकाशी हार घेऊन उभे राहिले. आणि राव कुटुंब आलं खालच्या पायवाटेनं, थेट शेतात! मला काय वाटलं असेल? वाटलं, बघा, किती चोरटी माणसं! मुलगी बेसावध असताना मागच्या बाजूनं बघून घेतायत!

पुढे सत्तरीचे राव मामा, मागे कांजीवरम नेसलेल्या मामी, त्यांच्या मागे पांढरेशुभ्र बूट घातलेला ताडमाड मुलगा. आमच्याकडे कुठल्याही वयस्क पाहुण्याला मामा-मामी म्हणतात, म्हणून म्हणायचं. माया म्हणून नाही. मामा चपला घालून सरळ लावणीच्या चिखलात पाय टाकणार, तेवढ्यात मी बांधावरून ओरडले.

"ओ मामा! चपला काढा! भातशेतात कुणी चपला घालून उतरतं का? हे काय तुमच्या वडिलांचं शेत आहे?"

मामा थबकले. "हो… म्हणजे… तसंच म्हणायचं."

"सगळ्यांना तसंच वाटतं! काढा आधी."

त्यांनी काढल्या. मुकाट्यानं. मला वाटलं, वा, निम्मं काम झालं! मामी काही बोलणार तर मी त्यांना रोपांची जुडी दिली. "आमच्याकडे बघ्यांना परवानगी नाही. जो येतो तो लावणी करतो."

"या साडीत?"

"मी पण साडीतच आहे."

मामींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा चिखलाकडे पाहिलं, पदर खोचला आणि उतरल्या.

मुलाचं नाव विनय. त्याला मराठी कळत होतं, नीट बोलता येत नव्हतं, त्यामुळे तो नुसता हसत होता. मी म्हटलं, हा मुखदुर्बळ नवरदेव! त्याच्यासाठी तर मी खास बेत ठेवला होता. त्या शेतात जो वाण आहे त्याचं नाव माप्पिळ्ळै सांबा, म्हणजे जावयाचा तांदूळ. पूर्वी लग्नाआधी जावयाला एक गोल गुळगुळीत दगड खांद्यावर उचलून दाखवावा लागे, आणि तेवढी ताकद या भातानं येते, अशी गोष्ट आम्ही शाळेच्या मुलांना सांगतो. गोष्टीसाठी दगडही ठेवलाय. मुलांना तो उचलू देत नाही. जावयाला न उचलू देण्याचा नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता.

"उचला," मी म्हटलं.

"व्हाय?" विनय म्हणाला.

"इथली पद्धत आहे."

तोवर सरोजाक्का, मुरुगेसन अण्णा आणि लावणीला आलेल्या सगळ्या बायका बांधावर गोळा झाल्या होत्या. "तूक्कुंगो माप्पिळ्ळै, तूक्कुंगो!" उचला जावईबापू, उचला! पोरगं वाकलं. दगड गुडघ्यापर्यंत आला. मग छातीपर्यंत. बायकांनी लग्नातल्यासारखा हुलहुल गजर केला, आणि त्या आवाजानं दचकून दगड एकीकडे, विनय दुसरीकडे. तो जिथं पडला तिथं पांढऱ्या बुटांचा पांढरा रंग संपला, शर्टाचा संपला, आणि चष्मा तर आम्ही नंतर चाळणी लावून शोधला.

नेमके तेव्हाच आप्पा, आत्या आणि सार हार घेऊन धावत आले. तिघांनी मामांकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, चिखलात बसलेल्या विनयकडे पाहिलं. सारांच्या हातातला हार गळून पडला. आत्या एवढंच म्हणाली, "काय केलीस गे हे?"

"पाहुणचार," मी म्हटलं.

सगळ्यांना हातपाय धुवायला लावून ओसरीवर बसवलं. सरोजाक्कानं कॉफी दिली. आप्पांचा चेहरा तर भागाकारात बाकी उरल्यासारखा झालेला. शेवटी राव मामांनी कप खाली ठेवला.

"मास्तर," ते आप्पांना म्हणाले, "आम्हाला जे पाहायचं होतं, ते पाहिलं. पोरगी कडक आहे. असंच माणूस पाहिजे. आता तुमची तयारी असली तर आजच ठरवून टाकू."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी! सारांनी हात जोडले! आत्यानं सोज्जीचा डबा उघडला!

आणि मी उभी राहिले.

"मी हे लग्न करणार नाही!" मी ओरडले. "मला न विचारता ठरवता? मी काय लावणीचं रोप आहे, इथून उपटून तिथं रोवायला? मला हा मुलगा नको, त्याचं गाव नको, सोज्जी नको!"

आत्यानं डबा खाली ठेवला.

मामींनी हळूच विचारलं, "कोणाचं लग्न?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळे मिटले होते.

"गिरिजा," ते म्हणाले, "हे बेंगळूर पार्टी."

तुम्ही कधी विहिरीत पडलायत? मी पण नाही. पण कसं वाटत असेल ते मला त्या क्षणापासून ठाऊक आहे. खालचं शेत यांचं. मामांच्या वडिलांचं! म्हणून मागची पायवाट यांना माहीत! मी मालकाला त्याच्याच शेतात चपला काढायला लावल्या, मालकिणीकडून लावणी करून घेतली, वारसाला चिखलात पाडलं. आणि हे बिचारे आले होते पट्टा वाढवायचा की प्लॉटवाल्याला विकायचं, ते ठरवायला.

"मग मला सांगितलं का नाही?" मी आत्याकडे वळले.

"ठरायच्या आत बोलू नये म्हणून!"

"आणि साडी?"

"मामींना बरं वाटेल म्हणून."

"आणि सोज्जी? सोज्जी कशाला?"

"मामांना दात नाहीत म्हणून!"

मामांनी तोंड उघडून दाखवलं. खरंच नव्हते.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती की नाही? मी माफी मागणार, सगळे हसणार, पट्टा होणार. मी माफी मागायला तोंड उघडलंही. पण मामी माझ्याकडे निरखून बघत होत्या. केसांतला मोगरा, खोचलेला पदर, सगळं.

"खरं सांगू," त्या म्हणाल्या, "लग्नाचं आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. पण आता हिनंच विषय काढलाय तर… वाईट काय आहे हो?"

घ्या! जे स्थळ अस्तित्वातच नव्हतं ते मी स्वतः ओरडून निर्माण केलं!

आत्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "आम्हाला काय, आनंदच आहे!"

"तसं झालं तर पट्टा कशाला?" मामा म्हणाले. "शेत घरातलंच."

सारांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला सगळ्या वाणांची भातं एका रांगेत उभी राहून हात जोडताना दिसली. "अम्मा," ते तमिळमध्ये लाडानं मला म्हणाले, "जरा विचार कर. मुलगा चांगला आहे. दगड जवळजवळ उचललाच होता त्यानं."

"बीसुद्धा वाचेल," आप्पा पुटपुटले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. बीपी.

खरं सांगते, त्या वेळी मला घाम फुटला. मगाशी ओरडले ते हवेतल्या लग्नावर. आता समोर खरं शेत होतं. मी नाही म्हटलं आणि मामी दुखावल्या, तर उद्या तिथं पिवळे दगड. सरोजाक्का दाराआड श्वास रोखून उभी. लावणीच्या बायका अंगणात.

पण म्हणून?

"मामी," मी म्हटलं, आणि या वेळी ओरडले नाही. "मी तुमच्याशी आज जे वागले त्याबद्दल माफी मागते. मनापासून. पण शेत द्यायचं तर बियाण्यासाठी द्या. नाही पटत तर विका, आम्ही दुसरीकडे जागा शोधू. त्यात मला मिसळू नका. मी इथं नोकरीला आहे, भाडेपट्ट्याला नाही. आणि आप्पा, हात खाली घ्या. बीपी डाव्या बाजूला नसतं. माझं उत्तर नाही. आजही नाही, विचार करूनही नाही."

आप्पांनी हात खाली घेतला. आत्यानं डब्याचं झाकण लावलं. सार चष्मा पुसायला लागले, मामा रिकाम्या कपात बघायला लागले, मामींनी ओला पदर पिळला. पाच वडीलधारी माणसं, आणि पाचही हरलेली. असा विजय मी जन्मात पाहिला नव्हता. मान ताठ करून मी उभी राहिले.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक लांब, लांब सुस्कारा ऐकू आला. विनय! अंगावर सरोजाक्काच्या नवऱ्याची लुंगी, केसांत चिखल, आणि चेहऱ्यावर फाशी टळलेल्या माणसाचं समाधान. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मामांकडे बघत त्या दिवसातलं पहिलं आख्खं मराठी वाक्य बोलला.

"आप्पा, शेत यांना देऊन टाका ना." मामांनी मान डोलावली. मग तो माझ्याकडे वळला. "आणि थँक यू हं, अक्का."

अक्का!

मला नकार द्यायला केवढं भाषण करावं लागलं. त्यानं एका शब्दात दिला.