कडीखालची पांढरी अक्षरं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईसमोर पदरात तोंड खुपसून हसणारी मी! तरी हे लिहितेय… कारण तेव्हापासून मी बाथरूमलासुद्धा कडी लावत नाही.

परभणीत मी पेंट मार्करने नावाच्या पाट्या आणि रुखवताचं सामान लिहून देते. मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या अश्विनीचं लग्न होतं, म्हणून मानवतला गेले. सुपं, मडकी, नारळ – सगळ्यांवर उखाणे लिहायचे होते. मावशीने धान्याची खोली दिली. एकच खिडकी, तिलाही हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी लावलेली. पोरं सारखी आत घुसून ओल्या अक्षरांना बोटं लावायची. शेवटी मीच ओरडले, "मावशी, बाहेरून कडी घाल गं!"

"घालते बाई. लागलं तर हाक मार."

भर दुपारी सगळ्या बाया पोरांना घेऊन बाजारात बांगड्या भरायला गेल्या. मावशीला वाटलं अश्विनीने कडी काढली, अश्विनीला वाटलं मावशीने. मी कामात इतकी गढलेली, की घर रिकामं झालंय हे लाईट जाऊन पंखा थांबल्यावर कळलं.

मला दमा आहे. पंप पर्समध्ये, पर्स बाहेरच्या खोलीत… आणि आत ऑइल मार्करचा उग्र वास. दार बडवलं, हाका मारल्या. मग हाका मारायलाही श्वास पुरेना. खरं सांगते, इतकी भीती जन्मात वाटली नव्हती. पांढरा मार्कर मुठीत धरूनच मी दारापाशी खाली बसले. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मावशी माझ्या तोंडाशी पंप धरून बसली होती. मापाची बांगडी देवघरात विसरली म्हणून ती एकटीच परत आली होती.

"मने, तू लिहिलंस म्हणून बरं," ती रडत होती. "न्हाईतर बांगडी घेऊन मी तशीच गेले असते की गं!"

"काय लिहिलं?"

तिने तळहात पुढे केला. कडी काढताना लागलेला पांढरा रंग अजून ओला होता.

दाराला बाहेरून, कडीच्या बरोबर खाली लिहिलं होतं – 'मी आत आहे.' अक्षर माझं. वेलांटी लांब ओढून शेवटी गोल वळवायची माझी खोडसुद्धा त्यात होती. घराला कुलूप, किल्ली मावशीच्या कमरेला. पांढरा मार्कर एकच, तोही आत, माझ्या मुठीत.

मावशी म्हणते, देवीने राखलं. नवरा म्हणतो, तूच सकाळी लिहून विसरली असशील. सकाळचा रंग दुपारी ओला राहतो होय?

मावशीसारखे हात जोडून मोकळं व्हावं, असं मलाही फार वाटतं. जीव वाचला, आणखी काय पाहिजे? पण हात जोडले की एकच विचार येतो. ज्याने कुणी ते तीन शब्द इतके सावकाश, वळणदार लिहिले, त्याचा हात कडीपासून वीतभर लांब होता…

मग त्याने कडी का नाही काढली?