‘गौरे!’ म्हटलं की ‘हाय!’

होडीत जागा लई कमी. एक वस्तू आत आली की दुसरी बाहेर काढावी लागते. माझी लग्नातली ट्रंक तिसऱ्याच दिवशी परत गेली, आरसा फुटला ते बरंच झालं म्हणायचं. पण आठ-आठ महिने पाण्यावर काढल्यावर एक गोष्ट साठतच जाते, ती म्हणजे किस्से. त्यांना वजन नसतं, म्हणून आमच्या मालकांनी ते कधी उतरवायला लावले नाहीत! आता मी भवानी पेठेत आईच्या घरी बसून टॉवेलांच्या काठाला शिलाई मारते, आणि शेजारची लक्ष्मीअक्का रोज म्हणते, "सांग की गं, पाण्यावरचं कायतरी." एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

आधी आमची माणसं सांगते. मालक, म्हणजे गौरीचे पप्पा, उजनीच्या पाण्यात मासे धरतात. गाव जेऊरकडचं. दिवाळी झाली, धरणाचं पाणी उतरायला लागलं की मासा जिकडं, तिकडं होडी. पाऊस लागेपर्यंत बिऱ्हाड होडीतच. मधोमध ताडपत्रीचं छप्पर, मागं इंजिन, पुढं घमेल्यात मांडलेली चूल. माणसं चार: मालक, त्यांची आई म्हणजे माझ्या आत्या, मी आणि गौरी. गौरीला दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी पहिल्यांदा होडीत पाऊल टाकलं. मी सोलापूरच्या गल्लीत वाढलेली. पाणी पाहिलं होतं ते नळाचं, तेही चार दिवसांतून एकदा!

*

पहिल्या दिवशी मी होडीवर चढले ती मिक्सर घेऊन. आईनं लग्नात दिलेला, खोक्यासकट. आत्यांनी ते नुसतं बघून घेतलं. मसाला वाटायची वेळ आली तेव्हा मीच विचारलं, "आत्या, ह्याचा प्लग कुठं लावायचा?"

"चिलापीच्या तोंडात लाव," आत्या जाळ्यातल्या माशाकडं बोट दाखवत म्हणाल्या.

मालक हसून हसून जाळ्यावर पडले. मला रडूच आलं. मिक्सरही दुसऱ्या खेपेला गावाकडं गेला, पण त्याचं मोठं भांडं आत्यांनी ठेवून घेतलं. होडीच्या तळाला साचलेलं पाणी त्यानं उपसायचं. पुढं आईची आणि त्यांची गाठ पडली तेव्हा आत्या मनापासून म्हणाल्या, "मिक्सर लई कामाचा दिलात बघा विहीणबाई. रोज चालतोय!"

आई अजून सगळ्यांना सांगते, होडीत लाइट आहे म्हणून.

*

मला काळजी एकच, गौरी. तिच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधलेला असायचा, झाकण गच्च लावून, म्हणजे पडली तरी तरंगेल. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, तिचं दुसरं टोक छपराच्या बांबूला. तरी माझं मन भरायचं नाही. चुलीकडं तोंड केलं की पाठ पोरीकडं होते. मग मी भाकरी थापता थापता हाक मारायची, "गौरे!"

ती म्हणायची, "हाय!"

दोन भाकऱ्यांमध्ये एक हाक. भांडी घासताना दोन भांड्यांमध्ये एक. बोलायला लागल्यापासून तिला हा खेळच वाटायचा. कधी छपराखालून "हाय!", कधी जाळ्यातून "हाय!" मालक वैतागायचे.

"अगं किती हाका मारतीस? तुज्या आवाजानं मासं पळत्यात!"

"पळू द्या."

"मग खायाचं काय? हाका?"

*

गौरी चार वर्षांची असतानाची गोष्ट. मी चुलीपुढं होते. हाक मारली, "गौरे!" उत्तर नाही. परत मारली. नाही. वळून बघते तर लुगड्याची पट्टी नुसतीच बांबूला लोंबतेय, टोकाला गाठ सुटलेली!

मला पोहता येत नाही हे मला त्या वेळी आठवलंच नाही. मी पिठाच्या हातानं पाण्यात उडी टाकली. नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडले, देवाची सगळी नावं घेतली. डोळ्यांपुढं अंधारी आली. तेवढ्यात वरून मालकांचा आवाज आला.

"सुमन! उभी ऱ्हा की!"

मी उभी राहिले. पाणी कमरेएवढं होतं.

होडी काठाला लागलेली होती, हेही माझ्या ध्यानात नव्हतं! मालक आणि आत्या पोट धरून हसत होते. आणि त्या हसण्यानं जाळ्याच्या ढिगाऱ्यात झोपलेली गौरी जागी झाली, डोळे चोळत उठून बसली आणि म्हणाली, "हाय."

मालकांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी उठून पट्टीला नवीन गाठ मारली. एक मारली, मग तिच्यावर आणखी एक. पण मला मात्र पुढं वर्षभर चिडवलं. पाणी कुठंही दिसलं की, "उभी ऱ्हा की!" तांब्यातलं दिसलं तरी!

*

आत्यांचं माहेर धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या लहान होत्या तेव्हा गाव उठलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या देवळाचा कळस वर येतो, त्यावरून आत्या सगळं ओळखतात. हितं वेस, हितं आड, हितं आमचं घर.

एका वर्षी मालकांनी नेमकं तिथं जाळं टाकायला घेतलं.

"ए बाळ्या! हितं न्हाय."

"का गं आई? हितं चिलापी लई हाय."

"असू दे की. आमच्या सोप्यात हिंडतीया ती. माज्या माहेरची हाय!"

मालकांनी गपचूप जाळं गुंडाळलं. मी नुकतीच मिश्री लावली होती. चूळ टाकायला होडीबाहेर वाकले तर आत्यांनी मला धरलंच. "दारात चूळ टाकतीस व्हय गं?"

मी गिळली! काय करणार?

होडी तिथून पुढं जाईपर्यंत आत्यांचा एक हात पाण्यात होता.

*

थंडीत तिथं लाल पंखांचे मोठाले पक्षी येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांना बघणारी माणसं. एकदा एका मॅडमची होडी आमच्या होडीला येऊन लागली. गळ्यात दुर्बीण. आत्यांना समजावून सांगायला लागल्या, "आजी, हे पक्षी किती लांबून येतात माहीत आहे? अख्खं कुटुंब उडत येतं. चार महिने इथं राहतात, मग परत."

"लेकरं संगट असत्यात?"

"हो, असतात की."

"मग साळंचं काय करत्यात?"

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांची नजर गौरीकडं गेली. कॅन पाठीवर, पट्टी कमरेला. तेव्हा ती पाच वर्षांची होती. "आणि हिच्या शाळेचं?"

आत्या भांड्यानं पाणी उपसायला लागल्या, तळात पाणी नव्हतं तरी.

माझी शाळा सातवीत सुटली. धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसले ती बसलेच. गौरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी मालकांना ती जन्मली तेव्हाच सांगितलं होतं. मॅडमची होडी लांब गेल्यावर मालक म्हणाले, "जूनला जा तुमी दोघी सोलापूरला. दिवाळीपर्यंत बघू. पोरगी रमली तर तितंच शिकंल. न्हाई रमली तर या परत. होडीला जागा हाय."

ज्या होडीत आरशाला जागा नव्हती, त्या होडीबद्दल हे बोलणं!

*

जूनमध्ये भवानी पेठेत आलो. गौरी कॅन सोडायला तयार नाही. चार वर्षं पाठीवर होता, तो काढला की म्हणायची, "आई, मी पडंन." इथं पडलीस तरी फरशीवर पडशील, हे तिला पटेना. शेवटी म्हटलं, घाल बाई. सकाळी दारात आली ती कॅन लावूनच. लक्ष्मीअक्का पाणी भरत होती. तिनं वरून खाली बघितलं आणि मला म्हणाली, "अय्यो, डबा घेऊन कुठं पाठवतेस गं पोरीला? आपल्या गल्लीत सगळ्यांच्या घरात संडास झालेत आता!"

सगळी गल्ली हसली. गौरीनं त्या दिवशी कॅन काढला तो काढलाच.

मला मात्र अजून सवय सुटली नाही. इथं चूल जागची हलत नाही, ओटा हलत नाही, तरी माझी भाकरी एका बाजूला जाड होते. होडी कलायची, त्या बाजूचा हात जड पडायचा, तो तसाच राहिलाय. आई म्हणते, "गॅसवर करतेस तरी अशी कशी गं?" मी तिला काय सांगू? मालकांना तीच जाड बाजू आवडायची.

*

शाळेतला किस्सा तर सगळ्या पेठेला माहीत झालाय. पहिलीच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाई हजेरी घेत होत्या. पोरं "येस टीचर, येस टीचर" म्हणत होती. बाई म्हणाल्या, "गौरी!"

आमची बया जोरात ओरडली, "हाय!"

वर्ग हसला. बाईही हसल्या, म्हणाल्या, "हॅलो गौरी!" दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी अर्धा वर्ग "हाय" म्हणायला लागला. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी घाबरत गेले. बाईंनी खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "घरात इंग्लिशच बोलता का हो तुम्ही?"

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा लक्ष्मीअक्काचा टॉवेल मशीनखालीच अडकला!

गौरीला मात्र हसू आलं नाही. म्हणाली, "आई, बाई एकदाच हाक मारतात. नंतर मी कुठं गेले तर त्यांना कसं कळणार?"

तरी रमतेय ती. बाराखडी येते, मैत्रिणी झाल्यात, मधल्या सुट्टीत घरची आठवण काढत नाही. खरं सांगायचं तर ती रमली की माझ्या जिवाला बरं वाटतं. आणि एखाद्या दिवशी शाळेत जायचं नाही म्हणून रुसली की त्याहून बरं वाटतं. हे मी कोणाला बोलले नव्हते.

*

मालकांचं फोनवर बोलणं म्हणजे तीन शब्द. "जेवलीस का? बरंय." मी हूं म्हणेपर्यंत फोन बंद. बोलतात त्या आत्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर, आणि त्या स्वतः पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलतात.

दिवाळी चार दिवसांवर आलेली, पण यंदा बिऱ्हाड आधीच होडीत गेलं होतं. संध्याकाळी फोन आला. मागं इंजिनाची टुकटुक चालू होती. गौरी माझ्या शेजारी बसून पाटीवर अक्षरं काढत होती. मी विचारलं, "आत्या, दिवाळीचं काय म्हणतात हे? गौरी रमली का म्हणून विचारतात का?"

"कशाचं इचारतोय! त्याला येड लागलंय."

"का हो? काय झालं?"

"अगं, जाळं टाकताना मधीच हाक मारतोय. 'गौरे!' भाकरी खाता खाता, 'गौरे!' पोरगी सोलापुरात, आन् ह्यो हितं पान्यात हाका मारतोय!"

"मग?"

"मग काय! 'हाय' म्हनावं लागतंय मला. ह्या वयात! मी 'हाय' म्हनल्याबिगर फुडचं जाळं टाकत न्हाय."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, मासं पळत्यात की!"

"म्हनलं की. म्हंतोय, पळू दे."

तेवढ्यात तिकडून, इंजिनाच्या पलीकडून, मालकांचा आवाज आला. "गौरे!"

आत्यांनी तोंड उघडायच्या आत, पाटीवरची मान वर न करता, आमची पोरगी ओरडली, "हाय!"

तिकडं इंजिन बंद झालं.