यास्मिन आणि माझे नकाशे

अस्लमचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी जेवणाच्या टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत बसलो होतो आणि कुंदा, माझी बायको, दूध तापवत होती. अस्लम म्हणजे यास्मिनचा धाकटा भाऊ. बहिणीच्या ऑपरेशनसाठी तो आईला घेऊन बार्शीहून दिल्लीला आला होता. "काका, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कधी?" विचारायचं ते हे नव्हतं, पण छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आधी वेळच विचारतो... पहाटे, तो म्हणाला. मी कुंदाला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि बराच वेळ त्या बंद शेगडीपुढेच उभी राहिली.

याला आता सात आठवडे झाले. यास्मिन अत्तार दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्याच सोसायटीत राहायची. ती तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. ती एकोणचाळीस वर्षांची होती, मी एकाहत्तरचा. तिच्यावर कोणी लिहील अशी शक्यता कमी आहे, कारण ती वेब डिझायनर होती आणि वेबसाइटवर ती करणाऱ्याचं नाव नसतं. मी नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात होतो. नकाशावरही काढणाऱ्याचं नाव नसतं. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं आहे, असं मी समजतो.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. निवृत्तीनंतर आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेला येऊन महिनाही झाला नव्हता. घराबाहेर हिंदी आणि आपसात मराठी, ही दिल्लीतली आमची जुनी सोय; मराठीत काहीही बोललं तरी आजूबाजूच्यांना कळत नाही. त्या दिवशी लिफ्टमध्ये आखूड केसांची, कानांवर भला मोठा हेडफोन चढवलेली एक मुलगी उभी होती. कुंदा मला म्हणाली, "बघ, कानावर झाकणं लावून फिरतात. उद्या आग लागली, हाक मारली, तर ऐकू येईल का?" मुलगी समोर बघतच म्हणाली, "येतं काकू. मराठीतलं तर जरा जास्तच येतं." कुंदा इतकी ओशाळली की त्याच संध्याकाळी तिने यास्मिनला थालीपीठ नेऊन दिलं. सोबत लोणी होतं.

ती घरूनच काम करायची. दहा वाजता गुरुग्रामच्या ऑफिसातल्या लोकांशी कॉल, मग दिवसभर दोन स्क्रीनपुढे बसणं. त्यातली एक स्क्रीन तिने उभी करून ठेवलेली. टेबलाच्या खणात सहा जुने, स्वस्तातले फोन होते. प्रत्येक नवं पान ती त्या सहाही फोनवर उघडून बघायची. "माझ्या फोनवर सगळंच छान दिसतं हो, काका," ती म्हणायची, "पण माझा फोन असतो किती जणांकडे?" तिचं बोलणं बार्शीचं, मधे मधे "अच्छा" आणि "यार" पेरलेलं. चहा बिनदुधाचा, लिंबू पिळून.

मी तिच्या कामात शिरलो तो एका गळक्या नळामुळे. सोसायटीने कुठलंसं ॲप घेतलं होतं आणि तक्रार आता वहीत न लिहिता त्यावर करायची होती. मला ते काही जमेना. मी खाली जाऊन तिच्यापुढे फोन धरला. तिने तो घेतलाच नाही. "तुम्हीच करा. मी हात लावणार नाही, नुसती बघते." मला राग आला. तरी मी चष्मा सावरत चाचपडत राहिलो आणि एका ठिकाणी थांबलो. तिने लगेच विचारलं, "इथं का थांबलात?" मी म्हणालो, हे बटन आहे की नुसतं चित्र, ते समजत नाही. ती खूश झाली. खरोखर खूश. वही ओढून तिने काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही अडकलात ना, त्यात तुमची चूक नाही. ज्यानं हे बनवलं त्याची आहे."

त्यानंतर दर मंगळवारी चार वाजता मी तिच्याकडे जाऊ लागलो. ती नवं पान माझ्यापुढे ठेवायची, मी अडखळायचो, ती लिहून घ्यायची. "आजोबांना नोकरी लागली," कुंदा शेजारणींना सांगायची. कुंदाने हसण्यावारी नेलं, पण मला ती खरोखरीची नोकरीच वाटत होती. निवृत्तीनंतर माझ्या न कळण्याचा कुणाला उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सहा वाजले की ती काम बंद करायची आणि गेम खेळायला बसायची. एका मंगळवारी बोलत बोलत मी मागे राहिलो तेव्हा तिने हातात तो दोन मुठींचा कंट्रोलर घेतला. मला वाटलं, आता गोळ्या सुटणार. तसं काही झालं नाही. पडद्यावर एक बाई एका ओसाड बेटावर चालत होती, एवढंच. चाळिशीला टेकलेल्या माणसाने रोज तासभर हे का करावं, ते मी तिला सरळ विचारलं. "माझा निम्मा अभ्यास इथंच होतो, काका," ती म्हणाली. "ते बघा, त्या भिंतीशी कंदील आहे. तो उगाच नाही ठेवलेला. दार तिकडं आहे. चांगला गेम तुम्हाला हाताला धरून नेत नाही, पण वाऱ्यावरही सोडत नाही. मला माझी पानं तशी करायची आहेत." मग तीच त्या बेटावरच्या एका गुहेत शिरली आणि पार हरवली. त्या गेममध्ये नकाशाच नव्हता. तीच त्याची खुबी होती म्हणे.

मला ते सहन होईना. मी विचारलं, "उत्तर कुठे आहे?" तिला वाटलं मी कोड्याचं उत्तर विचारतोय. मी म्हणालो, उत्तर दिशा. ती हसायला लागली, पण मी तिला गुहेबाहेर यायला लावलं, एका खांबाजवळ उभं केलं आणि सावली कशी सरकते ते पाहिलं. दिशा लागली. पुढच्या मंगळवारी मी घरून आलेख कागद आणि दोन पेन्सिली घेऊन गेलो.

असं ते सुरू झालं. ती चालायची आणि मी कागदावर उतरवायचो. "पळू नकोस, मी पावलं मोजतोय." "अहो, मागं अस्वल लागलंय!" "लागू दे. अस्वल किती पावलांवर आहे?" एका वर्षात आम्ही त्या बेटाचे अकरा कागद केले, टेकड्या, ओढे, बुजलेल्या विहिरी, सगळं प्रमाणात. ऑफिसात आयुष्यभर मी दुसऱ्यांनी मोजून आणलेले आकडे कागदावर चढवले होते. ज्या जमिनीचा नकाशा काढला, ती डोळ्यांसमोर उलगडताना मी इथे पहिल्यांदा पाहिली... ती खरी नव्हती, हे मला माहीत होतं.

गुरुग्रामची गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. औषधांच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीचं काम तिच्याकडे आलं होतं. घरबसल्या औषधं मागवायची पानं. कंपनीला अक्षरं फिक्कट आणि बारीक हवी होती, शिवाय ठरावीक वेळात सगळं भरलं नाही तर पान बंद व्हावं, अशी त्यांची मागणी होती. औषधं मागवणारे बहुतेक म्हातारे असतात, ते अडकतील, हे यास्मिन सांगत होती आणि त्यांना पटत नव्हतं. शेवटी ती मला म्हणाली, "काका, तुम्ही याल माझ्याबरोबर? त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, बस्स." मी आनंदाने हो म्हणालो. इस्त्रीचा कोट घालून गेलो.

काचेच्या खोलीत सात-आठ माणसं होती आणि माझ्या हातातला फोन समोरच्या भिंतीवर मोठा होऊन दिसत होता. आकड्यांचा मेसेज आला, तो वाचायला मी चष्मा बदलला, तोवर पान बंद. पुन्हा सुरुवात. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी आकडे भलत्याच चौकटीत भरले. "अंकल जी, बस टॅप करना है, टॅप!" एक जण म्हणाला आणि कोणीतरी हसलं. यास्मिन भिंतीला टेकून उभी होती. ती जागची हलली नाही, बोलली नाही.

परतताना मेट्रोत मी तिला म्हणालो, "तू एक शब्द बोलली नाहीस."

"बोलले असते तर त्यांना काही दिसलं नसतं, काका."

"त्यांना जे दिसलं ते मी होतो."

पुढे द्वारका येईपर्यंत आम्ही बोललो नाही, आणि नंतर तीन आठवडेही. मंगळवारी चार वाजले की मी फिरायला निघून जायचो. ती बरोबर होती, हे मला त्या मेट्रोतच कळलं होतं. त्याने काही फरक पडला नाही. या तीन आठवड्यांत ते काम तिच्या हातून गेलं. त्यांना हवं तसं करायला तिने नकार दिला आणि त्यांनी दुसरं कोणी शोधलं. हे तिने मला नाही, कुंदाला सांगितलं. कुंदाने माझ्यापुढे ताट ठेवता ठेवता ते ऐकवलं आणि वर म्हणाली, "तुझा कोट अजून खुर्चीवरच पडलाय. एक तर आत ठेव, नाही तर खाली जा."

मी गेलो नाही. चौथ्या मंगळवारी तिचाच मेसेज आला: "पूल ओलांडला. आता डावीकडे की उजवीकडे?" मी सातवा कागद काढला, पाहिला आणि लिहिलं, "डावीकडे. उजवीकडे दलदल आहे." मग चपला घालून खाली गेलो. दार उघडून ती म्हणाली, "काका, नेताना मी तुम्हाला सगळं सांगायला हवं होतं. तिथं काय होणार ते मला माहीत होतं. ते माझं चुकलं." मी "असू दे" म्हणालो. माझं काय चुकलं ते मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू... ते राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद होती. जिन्यात ती दोन मजल्यांमध्ये बसलेली मला दिसली. ओठ निळसर झाले होते. लहानपणी तापाने हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि ती बदलण्याचं ती चार वर्षं पुढे ढकलत होती, हे त्या पायरीवर तिने मला सांगितलं, जणू एखादं काम मागे पडलंय तसं. "घरी सांगू नका हां. अम्मी उगाच घाबरेल." मी सांगितलं. त्याच दिवशी अस्लमला फोन केला. ती माझ्यावर दोन दिवस चिडली आणि तिसऱ्या दिवशी तिने तारीख घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो होतो. कुंदाने विचारलं, "भीती वाटते का गं?" "वाटते ना," यास्मिन म्हणाली. "पण डॉक्टरनी नीट समजावलं, हृदयाची आकृती काढून. आकृती फारच वाईट होती, काकू. बाण कुठून कुठं जातोय तेच कळेना. मी त्यांना परत काढून दिली." ती तिने आम्हालाही दाखवली. स्वच्छ, मोजकी, चार रंगांची. ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. तिसऱ्या रात्री रक्तात गुठळी झाली आणि पहाटे ती गेली. कुणाची चूक नव्हती. मी ते दोनदा विचारून घेतलं.

पाच आठवड्यांनी तिची आई, हमीदाबाई, आणि अस्लम फ्लॅट रिकामा करायला आले. अस्लम खोकी भरत होता. हमीदाबाई यास्मिनच्या कामाच्या खोलीत, तिच्या फिरत्या खुर्चीवर बसल्या होत्या. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. मी दारात उभा राहिलो तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? ती काय काम करायची ओ? लोकांना सांगते मी, कंप्युटरचं काम करती म्हणून. पण मला कधी नीट कळलंच नाही."

मी समजावायला लागलो आणि मलाच ते जमेना. मग आठवलं. सोलापूरकडच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयासाठी तिने मराठीत पानं करून दिली होती, डोळे तपासायची वेळ घरून ठरवता यावी म्हणून. मी विचारलं, "ताई, तुम्ही डोळे दाखवायला कुठे जाता?" त्यांनी तेच नाव घेतलं. "तीच फोन करून नंबर लावायची माझा. आता अस्लमला सांगावं लागंल."

मी त्यांच्या फोनवर ते पान उघडून दिलं आणि म्हणालो, हे यास्मिनने केलेलं आहे. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला. अक्षरं मोठी होती. त्या बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या, शाळेतल्यासारख्या. "तुम्हाला... काय त्रास... होतो आहे?" अंधुक दिसतं, यावर त्यांनी बोट टेकवलं. "कोणता... डोळा?" पुढे कुठे दाबायचं ते दाखवायला मी हात पुढे केला, पण त्या तोवर पुढच्या पानावर गेल्या होत्या. वार निवडला. सकाळची वेळ निवडली. नाव लिहायला वेळ लागला. फोन थांबून राहिला. शेवटी पडद्यावर आलं: तुमची वेळ ठरली आहे, येताना जुना चष्मा घेऊन या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, ताई."

 बाहेर अस्लम चिकटपट्टी ओढत होता, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मला मागे कसं जायचं ते विचारलं. मी दाखवलं.

"पण ताई, आता दोनदा नोंद होईल."

"होऊ दे," हमीदाबाई म्हणाल्या, आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागल्या.