मधल्या पाण्यातला नर, काठाची मादी

जाळं विणताना हात गुंतलेले असतात, तोंडं मात्र मोकळी! म्हणून आम्हा भोयांच्या बायकांकडं गोष्टींना कधी तोटा नसतो. पण निजामाच्या राज्यात अणदूरजवळच्या तळ्यावर आलेल्या दोन पाखरांचा विषय निघाला, की अजूनही माझ्या सुना पदर घट्ट ओढून घेतात.

*

मोठं वादळ होऊन गेलं होतं. सकाळी बघतो तर तळ्यावर दोन परकी पाखरं. पांढरीशुभ्र, लांबच लांब पंखांची.

तळ्याचे चौकीदार रसूलचाचा जहाजानं हजला जाऊन आलेले. बघताच म्हणाले, "अरे, ये तो दर्या का परिंदा है! इधर कायकू आया?"

माझी थोरली जाऊ सोनाक्का लई तोंडाळ. "चाचा, तुमचीच वळख काढत आलं असंल!"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्या दिवशी ड्युटीभर ते तळ्याकडं पाठ करून बसले.

*

दोघांत एक दांडगं, एक लहानसर. दांडगं दुसऱ्याला मासा भरवायचं, त्यावरून नर कोण ते कळलं. नर थेट मधल्या खोल पाण्यात सूर मारायचा; मादी काठाकाठानं बारकी मासळी टिपायची. तळं एक, पण दोघांचं शिवार वेगळं!

आमचंही तसंच होतं. गडी तराफा घेऊन मधे, बाया टोपली घेऊन काठाला.

"बघा, नर गड्यांगतच मोठ्या माशाच्या नादी," सोनाक्का म्हणाली.

तिचे मालक धोंडिबा भावजी कसले ऐकतात! "आन् मादी तुझ्यागत चिखल चिवडती!"

*

एकदा भावजींनी नराच्या मागं तराफा घातला. तो बुडी मारेल तिथंच जाळं टाकलं. जाळं जड लागलं, ओढून काढलं तर रिकामं! ओठाला पाणी लागलं आणि ते थुंकले.

"खारट हाय!"

आम्हाला थट्टा वाटली. काठाचं पाणी ओंजळीनं पिऊन बघितलं, तर गोडच. रसूलचाचांनी मात्र ते जाळं पिळून एक थेंब जिभेवर घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"जहाज के नीचे यही पानी था," एवढंच बोलले.

*

निजामाच्या शेवटच्या वर्षी धामधूम माजली. आमचे गडी सोलापूरच्या बाजूला, सरहद्दीपल्याड निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले. भावजीही गेले. ते गेले त्याच दिवसापासून नर दिसेना.

मादी काही दिवस काठालाच फिरली. मग एका सकाळी उठली ती मधल्या पाण्यावर गेली, आणि नराच्याच जागी तिनं सूर मारला!

इकडं वस्तीत पोरं उपाशी. काठाला मासळी उरली नव्हती. सोनाक्कानं मालकाचा तराफा पाण्यात ओढला. मी तिचा हात धरला, "अक्का, मधी बाई जात न्हाय!"

तिनं पाखराकडं बोट केलं. "मग ती कोण हाय?"

संध्याकाळी ती जाळं भरून परतली. तिथून पुढं सगळी वस्ती तिनंच जगवली. मी विचारलं, "एकलीला भ्या वाटत न्हाय?"

ती हळूच म्हणाली, "मधी गेलं की एकलं वाटतच न्हाय गं."

*

निजाम गेला. गडी परतले. सगळ्यांच्या मागून, भर दुपारी भावजी आले. पार वाळलेले. मधल्या पाण्याचं कळलं तर चिडतील, म्हणून सोनाक्कानं आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. कुणी अवाक्षर काढलं नाही. तिनं भाकरी-कालवण वाढलं.

घास चावत भावजी म्हणाले, "मधी जाताना तराफा उजवीकडं लई कलतोय तुझा. डावीकडं एक धोंडा ठेवत जा."

सोनाक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात?" भावजी म्हणाले. "वरनं समदं दिसतंय की!"