पिछाडीवरचे मान्यवर

कप्तान आयुष्यात एकदाच पाण्यावर गेले होते. नदीच्या या काठावरून त्या काठावर, माणसं नेणाऱ्या होडीतून. अर्ध्या वाटेत त्यांच्या पोटानं बंड केलं आणि उरलेला प्रवास त्यांनी होडीच्या कडेवर मान टाकून केला. परत येताना ते लांबच्या पुलावरून चालत आले. त्या दिवसापासून गल्ली त्यांना कप्तान म्हणू लागली. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. डोक्यावरच्या छतातून येणारे आवाज आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, जिन्यात थांबून सांगितलेल्या हकिकती, एवढ्यावर माझं हे ज्ञान उभं आहे.

पोटापाण्यासाठी ते कवळ्या बनवत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणाचे जबडे घडवायचे, त्यांचे साचे काढायचे, हिरड्यांना गुलाबी रंग आणायचा. गल्लीतली निम्मी हसू त्यांच्या हातची होती. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं की हे चेहऱ्याकडे न बघता दातांकडे बघत आणि समाधानानं मान डोलवत. हात कमालीचा नेटका. स्वभाव मात्र इतका भिडस्त, की कोणी गळ्यात पडलं तर त्याला उतरवण्याऐवजी हेच जरा खाली वाकत, म्हणजे पडणाऱ्याची सोय व्हावी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकडाचं शिडाचं जहाज बांधायला घेतलं. जुन्या काळचं, तोफांच्या झरोक्यांचं, तीन डोलकाठ्यांचं. बागेतल्या तळ्यात जहाजं सोडणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, कप्तान त्याचे सभासद होते आणि त्यानंच त्यांना या भरीस घातलं होतं. जेवणाचं टेबल जहाजानं घेतलं आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला जेवू लागली. काकू म्हणत, की दुसऱ्यांचे नवरे निवृत्त झाल्यावर घरी येतात, आमचे बंदरात गेले.

जहाज सुरेख झालं. मोठ्या टबात तरंगवून पाहिलं तर एका रेषेत उभं. मग सजावटीची वेळ आली. अशा जहाजाची पिछाडी म्हणजे राजवाड्याचं तोंडच असतं: सिंह, जलपऱ्या, पंखवाल्या देवदूतांचे चेहरे, सगळं सोन्यानं मढवलेलं. कप्तानांनी आधी हे सारं कथलाचं ओतलं. चढवलं, टबात सोडलं, आणि जहाज थकलेल्या म्हाताऱ्यासारखं मागच्या मागे बसलं.

उपाय काकूंच्या भावानं सांगितला. तो न्हाणीघरातली भांडी बनवणाऱ्या कारखान्यात होता. रेझिन वापरा, म्हणाला, आणि त्यात ही पूड घाला. मैद्यासारखी पांढरी पूड होती, पण पिशवी उचलली तर हातात काही आहे असं वाटू नये इतकी हलकी. एकेक कण म्हणजे काचेचा पोकळ मणी. कप्तान तोंडाला फडकं बांधून कामाला लागले. मेणात चेहरा कोरायचा, त्यावर रबर ओतून साचा करायचा. साच्याला आधी नुसत्या रेझिनचा हात ब्रशनं फिरवायचा, म्हणजे नाकाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहत नाही. मग पूड कालवलेलं दाट रेझिन पाठीमागून भरायचं. घट्ट होताना ते गरम होतं आणि निवलं की चेहरा साच्यातून अल्लद सुटतो. पहिला सिंह निघाला तेव्हा कप्तानांनी तो काकूंच्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटायला सांगितले. काकूंनी विचारलं, "ठेवलात का?"

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते देवदूतापाशी.

देवदूताचा चेहरा कोरायला घेतला त्या दुपारी मंडळाचे अध्यक्ष समोर येऊन बसले होते. हे एका मोठ्या गोदामाचे निवृत्त व्यवस्थापक. नमनालाच घडाभर तेल घालायची सवय, त्यामुळे मूळ मुद्दा बहुधा कोरडाच राहायचा. ते बोलत राहिले, कप्तान हो-हो म्हणत राहिले आणि बोटं मेणावर चालत राहिली. आयुष्यभर समोर उघडं तोंड दिसलं की मेण हाती घ्यायचं, ही बोटांची जुनी खोड. अध्यक्ष उठून गेल्यावर काकूंनी देवदूत पाहिला आणि पदर तोंडाला लावला. पंखांच्या मधोमध अध्यक्ष होते. दुहेरी हनुवटीसकट.

कप्तान घाबरले, पण साचा होऊन गेला होता. पुढच्या भेटीत अध्यक्षांनी तो चेहरा पाहिलाच. त्यांनी तो उजेडाकडे धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"हे साम्य योगायोगानं आलं असणार," ते शेवटी म्हणाले.

"हो, हो. निव्वळ योगायोग."

"नाक थोडं सरळ केलंत, तर योगायोग आणखी चांगला होईल."

कप्तानांनी नाक सरळ केलं. बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिन्यात पायांची वर्दळ सुरू झाली. जे लोक कप्तानांना मंडळाच्या बैठकीत खिडक्या उघडायला सांगत, ते आता फळं घेऊन येऊ लागले, उजेडाकडे एक गाल करून बसू लागले. सचिव आले आणि जहाजाविषयी एक शब्द न बोलता आपल्या कपाळाबद्दल बोलून गेले. खजिनदारांनी तरुणपणचा फोटो आणला. त्यात त्यांना केस होते, आणि इतिहासाशी प्रामाणिक राहायचं तर केस हवेतच, असं त्यांचं मत पडलं. उपाध्यक्षांचं आणि अध्यक्षांचं पटत नसे. देवदूताची जागा गेली हे कळल्यावर त्यांनी सिंह मागितला. सिंहाला त्यांचा चेहरा लावला तेव्हा आयाळ शोभून दिसली, पण तो सिंह अध्यक्षांच्या डावीकडे की उजवीकडे यावर एक पूर्ण बैठक खर्ची पडली. तळ्याची परवानगी देणारे बागेचे अधिकारी आले. जहाज तळ्यात सोडायच्या उद्घाटनाला येणाऱ्या नगरसेवकांनी स्वतः येण्याची तसदी घेतली नाही, फोटो पाठवला. सोबत निरोप होता, की साहेबांना प्रसिद्धीची हौस नाही, तरी चेहरा समोरून घ्यावा.

कप्तानांनी कोणालाच नकार दिला नाही. एक मात्र त्यांनी आपणहून केलं. जहाजाच्या पुढच्या टोकाशी, नाळेवर, एक उभी बाई असते. ती त्यांनी काकूंना देऊ केली.

काकू म्हणाल्या, "मला कशाला? मी काय मंडळाची सभासद आहे?"

"टेबल तू सोडलंस ना."

काकूंनी टेबलावरच्या जहाजाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "करा. पण तोंड मिटलेलं करा. जन्मभर तुम्ही लोकांची उघडी तोंडंच बघत आलात."

बाई झाली, तोंड मिटून, किंचित हसत. पिछाडीही पूर्ण झाली. एवढी मोठी माणसं एका जागी पाहून माझीही छाती दडपली. सोन्याच्या रंगात सगळे सारखेच थोर दिसत होते. मग जहाज टबात ठेवलं. रेझिन हलकं होतं, पूड त्याहून हलकी होती, पण मान्यवरांची संख्या कोणत्याही पुडीला झेपणारी नव्हती. पिछाडी बुडाली, नाळ वर उचलली गेली आणि काकू छताकडे बघू लागल्या.

उद्घाटन जाहीर झालं होतं. मंडळानं तातडीची बैठक बोलावली. कप्तानांनी घरी येऊन जे सांगितलं त्यावरून, भार कमी करायला हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि तो कोणाचा यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. सचिवांनी सुचवलं की उपाध्यक्षांची आयाळ छाटावी. उपाध्यक्ष म्हणाले, आयाळीपेक्षा हनुवट्या जड आहेत. अध्यक्षांनी त्यागाचं महत्त्व समजावून सांगितलं आणि त्यागासाठी योग्य व्यक्ती शोधायला उपसमिती नेमली. शेवटी खजिनदारांच्या म्हणण्याप्रमाणे नाळेकडे शिशाचे तुकडे भरून पाहिले. जहाज सरळ झालं खरं, पण इतकं खोल गेलं की तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं.

कप्तान दोन घास खाऊन उठायला लागले. ज्या माणसानं उभ्या जन्मात एकही कवळी परत घेतली नव्हती, त्याची गल्लीसमोर शोभा होणार होती. पलंगाच्या कडेला बसून ते म्हणाले, की यातला एकही काढता येत नाही, कोणाला काढू?

काकू कपडे घड्या करत होत्या. त्या म्हणाल्या, "काढताय कशाला? डोकी आतून भरीव लागतात का? समोरून कोणाला कळतंय?"

कप्तान उठले आणि साचे काढले. या वेळी त्यांनी पाठीमागून काहीच भरलं नाही. रेझिनचे पातळ हात एकावर एक फिरवले, अंड्याच्या टरफलाएवढी जाडी झाली की थांबले. चेहरे सुटून आले ते हुबेहूब, तेच कपाळ, तीच आयाळ, तेच सरळ नाक. उलटे करून पाहिले तर नुसती वाटी. त्या दिवशी छतातून मला एक आवाज आला तो आधी ओळखूच येईना, कारण कप्तानांना मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी स्वयंपाकघरातला तराजू आणला. एका पारड्यात समस्त मान्यवर आणि दुसऱ्यात एक लिंबू ठेवलं. लिंबू खाली गेलं.

नाळेवरची बाई तेवढी कप्तानांनी भरीव ठेवली. पुढे थोडं वजन लागतंच, असं कारण त्यांनी सांगितलं.

उद्घाटनाला वारा चांगला होता. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की मंडळाच्या कार्यकर्त्यांचं वजन हे जहाज आज समर्थपणे पेलत आहे. कप्तानांना खोकल्याची उबळ आली. नगरसेवकांनी फीत कापली आणि जहाज शिडं फुगवून एका रेषेत निघालं, असं डौलदार की क्षणभर सगळे खरोखर गप्प झाले. मग प्रत्येक जण आपल्याला शोधू लागला. पिछाडी काठाकडे होती, म्हणून सगळे दिसत होते. पण जहाज जसजसं दूर जात होतं तसतसे मान्यवर बारीक होत होते. नगरसेवकांनी विचारलं, की यातला मी कुठला? चार जणांनी चार वेगळे चेहरे दाखवले.

काकू या गर्दीत नव्हत्या. त्या आधीच तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर जाऊन उभ्या होत्या, जिथे जहाज येणार होतं. कप्तानांनी जहाज वळवायचा रिमोट हातात घेऊनच अध्यक्षांच्या कडेनं वाट काढली आणि तेही पलीकडे गेले. फोटोत ते नाहीत. फोटोत बाकी सगळे आहेत.

आता ते जहाज मंडळाच्या कार्यालयात काचेच्या पेटीत असतं, नाळ भिंतीकडे आणि पिछाडी लोकांकडे. मागच्या महिन्यात पेटी आतून पुसताना साफसफाई करणाऱ्या बाईंचं बोट जरा जोरात लागलं आणि उपाध्यक्षांच्या गालाला भोक पडलं. आत काही नाही, हे त्या दिवशी सगळ्या मंडळानं पाहिलं. अध्यक्षांनी दुःख व्यक्त केलं, पण त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. कप्तानांना बोलावणं गेलं. त्यांनी मुकाट्यानं गाल बुजवून दिला. काकू सांगत होत्या, की त्यानंतर एकेक करून सगळे सभासद कप्तानांकडे येऊन गेले. उपाध्यक्षांचं तसं होणारच होतं, असं प्रत्येकानं हळू आवाजात बोलून दाखवलं. स्वतःच्या डोक्याबद्दल मात्र एकानंही विचारलं नाही.