चार आत, सहा बाहेर

सकाळी उठले की मी आधी हसते. आनंदानं नव्हे, तपासणीसाठी. आरशासमोर दात दाखवून ओठ ताणायचे आणि तोंड एका बाजूला जातंय का ते बघायचं. मग दोन्ही हात समोर धरून उजवा खाली घसरतोय का ते बघायचं. शेवटी सतराचा पाढा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी, सतराचा पाढा झोपेतही म्हणेन. पण एकदा ‘सतरा साती एकशे एकोणीस’ म्हणताना जीभ जराशी अडखळली आणि मी न्हाणीतल्या पाटावर मटकन बसले. पुन्हा म्हटला, तेव्हा धड म्हणता आला, तरी त्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना खडू धरलेल्या बोटांकडेच माझं लक्ष होतं.

ही भीती दादाकडून आली. दादा, माझा मोठा भाऊ, अकोल्याला असतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, बोलका, फटकळ माणूस. मागच्या मे महिन्यात दुपारी जेवता जेवता त्यानं पाण्याच्या गडव्याला हात घातला आणि गडवा हातातून सुटला. वहिनीनं विचारलं, काय झालं, तर त्याच्या तोंडून ‘बा, बा’ एवढंच निघालं. लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाजू पुढे थोडी परत आली, काठी घेऊन चालू लागला. बोलणं काही आलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायची, “उन्हानं झालं हो. बीपीच्या गोळ्या तं रोजच्या रोज चालू होत्या, तरीबी असं झालं.” अकोल्याचा मे महिना, कोण शंका घेणार? मीही घेतली नाही. गोळ्या खाऊनही माणूस असा पडतो, एवढंच मी तिथून मनात घेऊन अमरावतीला आले.

त्यानंतर पावसाळ्यात आमच्या शाळेत आरोग्य तपासणी होती. मुलांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, शिक्षकांनीही बसा. मी विनोद करतच दंडाला पट्टा बांधून घेतला. त्यांनी आकडा पाहिला, मला जरा शांत बसायला सांगितलं, परत मोजलं. मग तिसऱ्यांदा. वरचा आकडा एकशे सहासष्ट, खालचा शंभर. “मॅडम, घरी कोणाला आहे का?” असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो पडलेला गडवा आला.

राजापेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि श्वासाचा व्यायाम शिकवला. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पोटावर हात ठेवायचा. चार मोजेपर्यंत नाकानं श्वास आत घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडायचा. जोर लावायचा नाही, मध्ये कोंडून धरायचा नाही. रोज दहा मिनिटं. “हे गोळीच्या जोडीला करायचं,” असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. वर्गात जी मुलं फार मान डोलावतात त्यांना काही समजलेलं नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

श्वासाचं मला मनापासून आवडलं. मोजणं हे माझं काम. दहा मिनिटांनी मानेमागचा ताण सैल व्हायचा, छातीतली धडधड खाली बसायची. पहिले काही आठवडे गोळी आणि श्वास दोन्ही चाललं आणि आकडे इतके शहाण्यासारखे यायला लागले की माझं डोकं फिरलं. गोळीचा मला राग होता. रोज सकाळी ती तळहातावर घेतली की वाटायचं, आपण दादाच्या मागे रांगेत उभ्या आहोत. शेजारच्या काकू म्हणायच्याच, “एकदा लागली का सुटत नाई माय ते.” आणि दादाचं तरी गोळ्यांनी काय भलं झालं होतं? श्वास मात्र माझा होता, मेहनतीनं कमावलेला. गाइड न वाचता पास झाल्यासारखं वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी गोळी बंद केली.

घरी सांगितलं नाही. आमच्या ह्यांना रोज विचारायची सवय, “अवो, गोळी घेतली काय?” मी घेतली म्हणायची. पाकिटातून गोळी काढून मोगऱ्याच्या कुंडीत बोटानं दाबून टाकायची, म्हणजे पाकीट वेळच्या वेळी रिकामं. त्या दिवसांत मोगऱ्याचं बीपी एकदम नॉर्मल होतं.

बीपी मोजायचं मशीन मी घरी आणलं होतं आणि एक वही घातली होती. आता सांगायला लाज वाटते, पण मी काय करायची ते सांगते. आधी पंधरा मिनिटं श्वासाचा व्यायाम. मग मशीन. मग परत. मग तिसऱ्यांदा. तिन्हींतला सगळ्यात कमी आकडा वहीत लिहायची. एकशे छत्तीस, एकशे अडतीस. शाळेच्या तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही आदल्या दिवशी भिंती पुसतो, हुशार मुलांना पुढच्या बाकावर बसवतो. साहेब खूश होऊन जातात, दुसऱ्या दिवशी शाळा जशीच्या तशी. हे सगळं मला ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र डोळे मिटून दूध पीत होते.

मार्चमध्ये सकाळी मानेमागे ठणका लागायला लागला. मी श्वास वाढवला, दिवसातून तीनदा. पण भीती वाढली की श्वास ऐकत नाही. चार म्हणेपर्यंत मन दोनवरच पळून जायचं. आरशातलं हसणं आणि सतराचा पाढा त्याच सुमाराला सुरू झाला. एवढी घाबरले होते, तरी डॉक्टरांकडे जायचं नाव नाही. गेले असते तर त्यांनी श्वासाआधीच मोजलं असतं.

एप्रिलमध्ये अकोल्याला गेले. दादाला श्वासाचा व्यायाम शिकवायचा म्हणून. वही पर्समध्ये होती. एसटीत मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून तापलेला वारा तोंडावर घेत मी चार आत, सहा बाहेर करत राहिले. मनात एकच होतं, दादाला जे जमलं नाही ते आपल्याला जमलंय.

दादा कूलरसमोर खुर्चीत बसला होता. मी समोर बसले, त्याचा डावा हात त्याच्या पोटावर ठेवला आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. परत एक, दोन. तिसऱ्या फेरीला माझ्या आवाजात दुसरा आवाज मिसळला.

“एक,” दादा म्हणाला.

वर्षभरात त्यानं उच्चारलेला पहिला स्वच्छ शब्द. मग दोन. मग तीन. वहिनी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. मी रडत होते आणि मोजत होते. डॉक्टर नंतर म्हणाले की असं होतं, बोलणं गेलेल्या कित्येकांची मोजणी आत कुठेतरी शिल्लक राहते. तेव्हा आम्हाला काय माहीत? आम्हाला तो चमत्कार वाटला, आणि त्या भरात माझी जीभ सैल सुटली.

“दादा, मलेबी बीपी निघालं,” मी म्हटलं. “तुमाले सांगितलं नाई. पण आता काई नाई. हे पाह्य वही. नुसत्या श्वासावर आहे मी. पाच महिने झाले, गोळी बंद केली.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. डाव्या हातानं त्यानं वही अशी झटकली की ती कूलरपाशी जाऊन पडली. “बा, बा,” करत तो कपाटाकडे बोट दाखवू लागला. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, त्याला पुन्हा झटका येतोय. मी वहिनीकडे पाहिलं. ती खाली मान घालून भिंतीला टेकून उभी होती.

“थे कपाटातल्या गोळ्यायचं सांगून राह्यले बाई,” ती म्हणाली. “त्यायनंबी असंच केलं होतं. बीपी बरोबर येते, आता काहून खाऊ म्हणे. मी रोज इचारलं का म्हणत, घेतली. दवाखान्यातून घरी आलो तं सदऱ्याखाली साऱ्या पट्ट्या निघाल्या. भरलेल्या.”

“मंग ऊन लागलं काहून म्हटलं तुमी?”

“लाज वाटे मले. लोक म्हणतीन, बायकोचं ध्यान नोतं.”

मला तिचा संताप आला आणि क्षणात गेला. कोणत्या तोंडानं रागावणार? माझ्या गोळ्या मोगऱ्याच्या कुंडीत होत्या. दादाच्या सदऱ्याखाली निदान सापडल्या तरी.

वहिनीनं हात धुतले आणि त्यांचं मशीन आणलं. मी म्हटलं, “थांबा वैनी, दहा मिनिटं श्वास करू द्या.”

“नाई. पाच मिनिटं गुमान बसा. मोजू नोका, बोलू नोका.”

पट्टा आवळायला लागला तेव्हा मी अगदी साधा, जसा येईल तसा श्वास घेत होते आणि आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. वरचा एकशे चौऱ्याहत्तर. खालचा एकशे सहा. थोड्या वेळानं परत मोजलं, दोनचाच फरक पडला. माझा हात आपोआप तोंडाकडे गेला, ओठांची दोन्ही टोकं चाचपायला. मी दादाच्या डबीतली एक गोळी द्या म्हटलं, तर वहिनी म्हणाली, “ज्याचं औषध त्याले. उठा, डॉक्टरकडे चला.” दादा काठी टेकत फाटकापर्यंत आमच्या मागे आला.

त्याच दिवशी गोळी परत सुरू झाली. अमरावतीला परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी वही चाळली. “दोन्ही करा. आणि मोजायचं श्वासाच्या आधी. गोळी कमी करायची झाली तर मी सांगीन,” एवढंच म्हणाले. ह्यांना मी मोगऱ्याची कुंडी दाखवली. त्यांनी बोटानं माती उकरून पाहिली. मग म्हणाले, “सांगितलं असतं तं मी काय तुले खाल्लं असतं काय?”

आता रोज सकाळी सातला अकोल्याचा व्हिडिओ कॉल येतो. दादा तळहातावर त्याची गोळी दाखवतो, मी माझी. एकमेकांसमोर गिळतो आणि तोंड उघडून दाखवतो. कॉलला दोन मिनिटं उशीर झाला तरी मीच फोन लावते. आकडे उतरलेत, पण आरशासमोर हसणं अजून सुटलेलं नाही.

मग तो मोजतो आणि मी श्वास घेते. चार आत, हे त्याला सरळ जमतं. बाहेरच्या सहाला मात्र तो चारवर अडतो. पाच लवकर येत नाही. पडद्यावर त्याचे ओठ हलत राहतात. श्वास मध्ये कोंडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मी तेवढा कोंडते. त्याचा पाच ऐकू आला की मगच सोडते.